एक सामना, दोन छापखाने

१३ जून १९४३. माद्रिदच्या चामार्तीन मैदानावर स्पॅनिश कपच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना चालू होता. मध्यंतराला रियाल माद्रिदचे आठ गोल झाले होते, बार्सिलोनाचा एकही नव्हता. सामना संपला तेव्हा आकडा ११-१ होता. आठवडाभर आधी, ६ जूनला, याच बार्सिलोनाने घरच्या लेस कोर्त्स मैदानावर याच माद्रिदला ३-० असं हरवलं होतं. सात दिवसांत कुठलाही संघ खेळ विसरत नाही. मधल्या काळात काय घडलं ते पाहायचं तर त्या आठवड्याची वर्तमानपत्रं उघडावी लागतात.

लेस कोर्त्सवर प्रेक्षकांनी माद्रिदच्या खेळाडूंना शिट्ट्या मारून हैराण केलं होतं. धसमुसळा खेळ, पंचांचे निर्णय, कारणं नेहमीचीच. पण माद्रिदच्या ‘या’ नावाच्या कॅथलिक वळणाच्या दैनिकात एदुआर्दो तेउस यांनी त्या शिट्ट्यांचा अर्थ लावला. तेउस हे माद्रिद संघाचेच जुने गोलरक्षक, राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक. त्यांच्या लेखात त्या शिट्ट्या अकरा खेळाडूंपुरत्या राहिल्या नाहीत, तो स्पेनचाच अपमान ठरला. हुकूमशहा फ्रँको ज्यात जिंकला ते यादवी युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. बार्सिलोनाची कॅटलान भाषा शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार झाली होती. अशा दिवसांत बार्सिलोनाच्या माणसाला ‘स्पेनचा शत्रू’ म्हणणं हा क्रीडापानावरचा सवंग शेरा नव्हता, त्यात जिवावरची भीती होती. परतीच्या सामन्याला माद्रिदच्या प्रेक्षकांच्या हातात शिट्ट्या वाटल्या गेल्या. बार्सिलोनाच्या चाहत्यांना प्रवासाची मुभाच मिळाली नाही. गोलरक्षक लुईस मिरोच्या दिशेने इतक्या वस्तू भिरकावल्या जात होत्या की तो गोलपासून लांब उभा राहू लागला. सामन्याआधी सुरक्षा खात्याचा एक बडा अधिकारी बार्सिलोनाच्या खोलीत येऊन ‘तुम्ही राजवटीच्या मेहेरबानीवर खेळताय’ अशा अर्थाचं काही बोलून गेला, असंही सांगितलं जातं. तो कोण आणि नेमकं काय म्हणाला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. शिट्ट्या आणि दहशत यांबद्दल मात्र फारसा वाद नाही.

हे सगळं छापायची हिंमत एका तरुण पत्रकाराने केली. बार्सिलोनाच्या ‘ला प्रेन्सा’मध्ये त्याने लिहिलं, की त्या गदारोळात कोणत्याही संघाला खेळणं शक्य नव्हतं. त्याचं वय २२, नाव हुआन आंतोनियो सामारांच. लेख छापून आला आणि त्याची पत्रकारिता तिथेच संपवण्यात आली. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे एकवीस वर्षं अध्यक्ष राहिलेले सामारांच ते हेच. ते बार्साचे, म्हणजे बार्सिलोना क्लबचे, चाहते नव्हते, शहरातल्या दुसऱ्या क्लबचे, एस्पान्योलचे होते. राजवटीचे विरोधक तर नव्हतेच, पुढे फ्रँकोच्या व्यवस्थेत त्यांनी मोठी पदं भूषवली. म्हणूनच त्यांची साक्ष मला मोलाची वाटते. आपल्या बाजूचा नसलेल्या संघावर अन्याय झाला, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

दोन्ही क्लबांना दंड झाला. दोन्ही अध्यक्ष पायउतार झाले. सलोख्यासाठी मैत्रीपूर्ण सामने ठरवले गेले. अकरा गोल करणारा माद्रिद संघ अंतिम सामन्यात अॅथलेटिक बिल्बाओकडून ०-१ असा हरला, हे बहुतेक जण विसरतात. माद्रिदच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर आले सान्तियागो बेर्नाबेऊ. पुढची ३५ वर्षं ते तिथे होते.

या दोन क्लबांच्या लढतीला स्पेनमध्ये ‘एल क्लासिको’ म्हणतात. तिच्याबद्दल जगभर एक सोपी गोष्ट सांगितली जाते: माद्रिद म्हणजे फ्रँकोचा क्लब, बार्सा म्हणजे छळ सोसलेला क्लब. गोष्ट पूर्ण खोटी नाही. बार्साचे अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना ऑगस्ट १९३६ मध्ये माद्रिदजवळच्या ग्वादारामाच्या डोंगरात फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. सुन्योल स्वतः वृत्तपत्र काढणारे होते. ‘ला रांब्ला’ हे त्यांचं पत्र खेळ आणि नागरिकत्व यांची सांगड घालत असे. पण त्याच काळातले माद्रिदचे अध्यक्ष राफाएल सांचेस गेर्रा हे कट्टर प्रजासत्ताकवादी होते आणि फ्रँकोच्या तुरुंगात गेले, हे बार्सिलोनात कुणी सहसा सांगत नाही. फ्रँकोच्या राजवटीच्या पहिल्या चौदा वर्षांत बार्साने पाच लीग विजेतेपदं मिळवली आणि माद्रिदला एकही मिळालं नाही, हेही नाही. तर माद्रिदमध्ये ११-१ हा निव्वळ पराक्रम म्हणून सांगितला जातो, शिट्ट्यांचा आणि सामारांच यांचा उल्लेख गाळून. प्रत्येक शहराने आपल्याला सोयीचं तेवढं जपून ठेवलं. ते जपून ठेवायचं काम रोज सकाळी छापखान्यांनी केलं.

त्यातला सर्वांत जुना छापखाना बार्सिलोनाचा. ‘मुंदो देपोर्तिवो’ १९०६ पासून निघतं. ‘मार्का’ १९३८ च्या डिसेंबरात, युद्ध चालू असतानाच, फ्रँकोच्या ताब्यातल्या सान सेबास्तियानमध्ये साप्ताहिक म्हणून सुरू झालं, नंतर माद्रिदला येऊन दैनिक झालं. ते राजवटीच्या वृत्तपत्रसमूहाचाच भाग होतं. १९६७ मध्ये माद्रिदला ‘आस’ निघालं, १९७९ मध्ये बार्सिलोनाला ‘स्पोर्ट’. राजधानीची दोन, कॅटलोनियाची दोन. रोजचं अख्खं वर्तमानपत्र खेळाचं आणि त्यातली बहुतेक पानं एकाच क्लबची, ही कल्पनाच आपल्या वाचकाला नवी वाटेल. स्पेनमध्ये मात्र ‘मार्का’ हे वर्षानुवर्षं सर्वाधिक वाचलं जाणारं दैनिक राहिलं आहे, राजकीय बातम्यांची मोठमोठी पत्रं त्याच्या मागे. आपल्याकडच्या क्रीडापानावर ‘स्पेनमधील वृत्तपत्राच्या वृत्तानुसार’ अशी जी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची बातमी येते, तिचा उगम बहुतेक वेळा या चारांपैकी एकात असतो. ती कुठल्या शहरातून आली, हे मात्र वाटेत गळून जातं.

६ जून १९७० ला, लेस कोर्त्सच्या त्या शिट्ट्यांना बरोबर २७ वर्षं झाली त्या दिवशी, बार्साच्या काम्प नोऊ मैदानावर पुन्हा कपचा सामना होता. रियालकडे पहिल्या सामन्यातली २-० आघाडी, बार्सा त्या दिवशी १-० ने पुढे. रियालच्या वेलास्केसला बार्साच्या रिफेने पाडलं, ते पेनल्टी क्षेत्राच्या स्पष्ट बाहेर. पंच गुरुसेता घटनेपासून बरेच लांब होते, तरी त्यांनी पेनल्टी दिली. आमान्सियोने गोल केला. बार्साच्या एलादियोला बाहेर काढण्यात आलं. मैदानावर बसायच्या गाद्यांचा पाऊस पडला, शेवटी प्रेक्षकच आत घुसले आणि सामना संपण्याआधीच थांबवावा लागला. गुरुसेतांना सहा महिन्यांची बंदी झाली, म्हणजे चूक झाल्याचं यंत्रणेनेही मान्य केलं. बार्सिलोनात त्यांचं नाव आजही अन्यायाचा पुरावा म्हणून घेतलं जातं. पण त्या रात्रीच्या रागाला नुसती पेनल्टी पुरी पडली नसती. ज्या लोकांना राजवटीविरुद्ध रस्त्यावर एक शब्द काढायची सोय नव्हती, त्यांना पंचाविरुद्ध ओरडायची सोय होती.

१९७५ मध्ये फ्रँको वारला. सेन्सॉर गेला. १९८४ मध्ये सरकारने ‘मार्का’ विकून टाकलं. आता कुणालाही काहीही छापता येणार होतं. मध्यरात्रीच्या रेडिओने तर देशाला वेड लावलं, लाखो लोक उशाशी रेडिओ घेऊन फुटबॉलची भांडणं ऐकत झोपी जाऊ लागले. सामारांच यांना ज्या वाक्यांसाठी घरी बसवलं गेलं, ती वाक्यं आता कुणीही लिहू शकत होतं. तरीही स्वतःच्या शहराला न रुचणारं लिहिणारे थोडेच निघाले. सत्तेची भीती गेली आणि तिच्या जागी गिऱ्हाइकाची भीती आली. बार्सिलोनाच्या वाचकाला सकाळी कॉफीबरोबर माद्रिदचा कावेबाजपणा हवा होता, माद्रिदच्या वाचकाला बार्साचं रडगाणं. दोघांनाही ते रोज मिळू लागलं.

त्याचं फळ लुईस फिगोच्या वाट्याला आलं. जुलै २००० मध्ये फ्लोरेंतिनो पेरेस रियालच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते आणि बार्साचा उपकर्णधार फिगो आपण आणणार, असं सांगत होते. ‘स्पोर्ट’ने फिगोची मुलाखत छापली: मी कुठेही जात नाही, बार्सातच राहणार. चाहत्यांनी विश्वास ठेवला. दोन आठवड्यांत फिगो रियालचा पांढरा शर्ट हातात धरून उभा होता, बार्साशी झालेल्या करारातली १,००० कोटी पेसेटांची सुटकेची रक्कम रियालने भरली होती. त्या ऑक्टोबरमध्ये तो काम्प नोऊवर परतला तेव्हा त्याचा चेहरा छापलेल्या खोट्या नोटा हवेत उडत होत्या. कॉर्नर घ्यायला तो गेलाच नाही.

२३ नोव्हेंबर २००२ ला तो गेला. कॉर्नरच्या झेंड्याजवळ बाटल्या, नाणी, लायटर येऊन पडू लागले. फिगोने एक बाटली उचलून बाजूला केली, दुसरी उचलली, अंगठा वर करून टाळ्या वाजवल्या. पुन्हा कॉर्नर मिळाला, तोही त्यानेच घेतला. पंच मेदिना कांतालेखो यांनी खेळ थांबवून दोन्ही संघांना आत नेलं, सुमारे पाव तास मैदान रिकामं राहिलं. नंतर छायाचित्रांत दिसलं की हिरवळीवर व्हिस्कीची बाटली आहे आणि तिच्याजवळ डुकराच्या पिलाचं मुंडकं. सामना ०-० सुटला. बार्साचे अध्यक्ष जुआन गास्पार्त यांनी दोष फिगोलाच दिला, तो मुद्दाम रेंगाळत चालला आणि त्याने लोकांना डिवचलं. माद्रिदमध्ये ते मुंडकं म्हणजे एका अख्ख्या शहराच्या रानटीपणाचा पुरावा ठरलं. काम्प नोऊ दोन सामन्यांसाठी बंद ठेवायची शिक्षा झाली, पण अपिलांच्या फेऱ्यात ती कधी अमलात आलीच नाही. एका माणसाच्या डोक्याच्या रोखाने काचेची बाटली आली होती, ही साधी गोष्ट या वादात दोन्हीकडे मागे पडली.

चाहते मुळातच असे होते, असं मला म्हणवत नाही. तीनच वर्षांनी, १९ नोव्हेंबर २००५ ला, रियालच्या बेर्नाबेऊ मैदानावर बार्साच्या रोनाल्डिन्योने दोन गोल करून रियालला ०-३ असं चिरडलं तेव्हा माद्रिदचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. १९८३ मध्ये त्यांनीच माराडोनाला अशी दाद दिली होती. डोळ्यांसमोर सुंदर खेळ दिसला की माणसं शहर विसरत होती.

याच सुमारास ‘आस’चे संपादक आल्फ्रेदो रेलान्यो यांनी एक शब्द चलनात आणला: ‘व्हियारातो’. २००४ मध्ये स्पॅनिश फुटबॉल महासंघाची निवडणूक झाली. बार्साने आन्हेल मारिया व्हियार यांना पाठिंबा दिला, रियालने त्यांच्या विरोधकाला. व्हियार जिंकले. तेव्हापासून पंच बार्साच्या बाजूने शिट्टी वाजवतात, हा रेलान्यो यांचा सिद्धांत. त्याचं बलस्थान असं की तो कधी खोटा पाडता येत नव्हता. बार्साला पेनल्टी मिळाली तर पुरावा, नाही मिळाली तर संशय येऊ नये म्हणून केलेली चलाखी. बार्सिलोनाच्या पत्रांनी माद्रिदच्या माध्यमांना ‘गुहा’ म्हणायला सुरुवात केली. दोन्ही शब्द इतके रुळले की मुलं शाळेत वापरू लागली.

मग आलं २०११. रियालचा प्रशिक्षक जुझे मोरिन्यो, बार्साचा पेप ग्वार्डिओला. फेब्रुवारीत बार्सा-बिल्बाओ सामन्यानंतर ‘आस’ने एक चित्र छापलं: गोलआधीच्या क्षणी बार्साचा दानी आल्व्हेस स्पष्ट ऑफसाइड. चित्रात एक गोष्ट नव्हती. बिल्बाओचा बचावपटू कोइकिली, जो प्रत्यक्षात तिथे उभा होता आणि ज्याच्यामुळे आल्व्हेस नियमात बसत होता, तो चित्रातून पुसला गेला होता. वाचकांनी दूरचित्रवाणीवरचं दृश्य शेजारी ठेवून दाखवलं. ‘आस’ने माफी मागितली, आलेख तयार करताना चूक झाली म्हणाले. हेतू काय होता, ते सिद्ध करता येणार नाही. पण ते पान संपादकीय टेबलावरून पुढे गेलं आणि वाटेत कुणालाही काही खटकलं नाही. जे दिसायला हवं होतं तेच त्यांना दिसलं. मला हे कारस्थानापेक्षा जास्त गंभीर वाटतं.

पुढच्याच महिन्यात ‘कोपे’ या रेडिओने बार्सावर उत्तेजकांचा संशय घेणारी बातमी दिली. बार्सा कोर्टात गेला आणि ‘कोपे’ला २ लाख युरो भरपाई द्यावी लागली. उलट बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती. कॅटलोनियाच्या सरकारी वाहिनीवर रियालच्या खेळाडूंची तुलना तरसांशी करणारी चित्रफीत दाखवली गेली आणि रियालने कायद्याचा आधार घेतला.

एप्रिल-मे २०११ मध्ये अठरा दिवसांत चार क्लासिको आले. १६ एप्रिलला लीगमध्ये १-१. २० एप्रिलला व्हॅलेन्सियात कपचा अंतिम सामना, जादा वेळेत रोनाल्डोच्या हेडरने रियाल विजयी. २७ एप्रिलला चॅम्पियन्स लीगमध्ये पेपेला लाल कार्ड आणि मेस्सीचे दोन गोल. ३ मे रोजी १-१. पेपेच्या लाल कार्डानंतर मोरिन्यो पत्रकारांसमोर बसला आणि युरोपातल्या पंचांची नावं एकेक करून घेत ‘का?’, ‘का?’ विचारत राहिला. ‘व्हियारातो’ स्पेनबाहेर पोहोचला. त्याच सामन्याची आणखी एक चित्रफीत फिरली: बार्साचा बुस्केट्स तोंडावर हात धरून रियालच्या मार्सेलोला काहीतरी म्हणतोय. माद्रिदने त्याच्या ओठांवर ‘माकड’ वाचलं. बार्सिलोनाने तिथेच ‘निर्लज्जपणा’ वाचला. पुरावा अपुरा म्हणून युरोपीय महासंघाने तक्रार फेटाळली. वंशद्वेषासारखा गंभीर आरोप, आणि त्यातलं खरं-खोटं तुम्ही कोणतं दैनिक विकत घेता यावर ठरलं. मार्सेलोला खरोखर काय ऐकावं लागलं, याची चौकशी चिकाटीने करणारा कुणी निघाला नाही.

ऑगस्टमध्ये सुपर कपच्या शेवटी मैदानावर हाणामारी झाली आणि मोरिन्योने मागून येऊन बार्साचे सहप्रशिक्षक टीटो व्हिलानोव्हा यांच्या डोळ्यात बोट घातलं. सगळ्या जगाने पाहिलं. काही दिवसांनी बेर्नाबेऊवर फलक झळकला: मोऊ, तुझं बोट आम्हाला वाट दाखवतं.

त्या भांडणानंतर रियालचा कर्णधार इकेर कासियासने बार्साच्या झावीला आणि पुयोलला फोन केला. झावी आणि तो किशोरवयापासूनचे मित्र, १९९९ मध्ये नायजेरियात दोघं मिळून वीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकले होते, आणि वर्षापूर्वीच दक्षिण आफ्रिकेत तिघांनी मिळून मोठा. हे असंच चाललं तर राष्ट्रीय संघ फुटेल, ही त्याची काळजी होती. स्पेनने पुढच्या उन्हाळ्यात युरो जिंकला, त्यात त्या फोनचा वाटा आहे असं मी मानतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये झावी आणि कासियास यांना प्रिन्स ऑफ आस्तुरियास पुरस्कार मिळाला. पण स्वतःच्या शहरात कासियासला ‘खबऱ्या’ म्हटलं जाऊ लागलं, तो संघातल्या गोष्टी पत्रकारांना पुरवतो म्हणून. डिसेंबरात मोरिन्योने त्याला संघाबाहेर बसवलं. जानेवारी २०१३ मध्ये ‘मार्का’ने पहिल्या पानावर छापलं, की कर्णधारांनी अध्यक्षांना ‘एक तर मोरिन्यो नाही तर आम्ही’ असं सांगितलं आहे. पेरेस यांनी पत्रकार परिषद घेऊन बातमी साफ फेटाळली. आता माद्रिदचे छापखानेच एकमेकांत लढत होते. जुलै २०१५ मध्ये, पंचवीस वर्षं एका क्लबात काढून, कासियासने रडत रडत एकट्याने निरोपाचं निवेदन वाचलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी बातमी फुटली तिने सगळा पट हलवला. पंच समितीचे माजी उपाध्यक्ष एन्रिकेस नेग्रेइरा यांच्या कंपनीला बार्साने वर्षानुवर्षं एकूण ७० लाख युरोंहून अधिक रक्कम दिली होती. ही बातमी देणारा कार्यक्रम माद्रिदचा नव्हता, सेर रेडिओच्या बार्सिलोना केंद्राचा होता. स्वतःच्या शहराला झोंबणारी बातमी त्यांनी शोधली आणि दिली. ही पत्रकारिता, आणि ती या दीर्घ इतिहासात दुर्मिळ आहे. पैसे पंचांविषयीच्या तांत्रिक अहवालांसाठी होते, असं बार्साचं म्हणणं. कुठल्याही सामन्याचा निकाल विकत घेतल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण अहवालांसाठी पंच समितीच्या माणसालाच पैसे देणं हे समर्थनीय नाही, ते कुणीही करू नये. अध्यक्ष जुआन लापोर्ता यांनी एप्रिलमध्ये उत्तर दिलं ते रियालला ‘राजवटीचा क्लब’ म्हणत. त्याच दिवशी रियालच्या स्वतःच्या वाहिनीने जुनी चित्रं काढली: बार्साने फ्रँकोला दिलेली पदकं, काम्प नोऊच्या उद्घाटनाला हजर असलेला फ्रँकोचा मंत्री. राजवटीच्या काळातले मुडदे दोघांनी एका सोमवारी उकरून काढले. आता मधल्या दैनिकाचीही गरज उरली नव्हती, क्लबच छापखाने झाले होते.

एप्रिल २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोन्ही क्लबांचे निवृत्त खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळले. फिगो रियालकडून उतरला आणि आपल्या पोरांनी दोन्ही रंगांचे शर्ट घालून त्याला हाका मारल्या. त्याच महिन्याच्या २५ तारखेला, सेव्हियातल्या कप अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, पंच रिकार्दो दे बुर्गोस बेंगोएत्चेआ पत्रकारांसमोर बसले होते. रियालच्या वाहिनीने त्यांच्या जुन्या चुकांची चित्रफीत दाखवली होती. तुझा बाप चोर आहे, असं शाळेत ऐकून आपला मुलगा रडत घरी येतो, हे सांगताना त्यांचा गळा दाटला आणि ते बोलायचे थांबले. रियालने पंच बदलण्याची औपचारिक मागणी केली नाही, पण सामन्याआधीची पत्रकार परिषद आणि सराव रद्द केला. दुसऱ्या दिवशी दे बुर्गोस यांनीच सामना चालवला. जादा वेळेत कूंदेच्या गोलने बार्सा ३-२ असा जिंकला. शेवटच्या क्षणी रियालच्या बाकाजवळून आंतोनियो रुडिगरने पंचांच्या दिशेने वस्तू भिरकावली, त्याला सहकाऱ्यांनी आवरलं. सकाळी त्याने जाहीर माफी मागितली, सहा सामन्यांची बंदी झाली. पंचांच्या चुका मोजणाऱ्या चित्रफिती पुढच्या हंगामातही तशाच चालू राहिल्या.